मिलन साऊंडचा नवा बोर्ड

६ जानेवारी, सोमवार

हो म्हणून बसले! आता जीभ चावून काय उपयोग?

दुपारी शेषेरावभाऊ आले — लोह्याकडच्या भजनी मंडळाचे. खांद्यावर पोत्यात गुंडाळलेला आमचाच जुना अॅम्प्लिफायर. उघडला तर आत बोर्डाचा कोळसा. "भाबी, लाइटीनं दगा दिला. एकदम जास्तीची आली अन् नुसता धूर! एकोणीस फेब्रुवारीला सप्ताह बसतो आमचा. नवा मिलनच पायजे. बाजारातला आणून पाह्यला, त्यो म्हाराजाच्या आधी सोताच गुणगुणाया लागतो."

आतल्या खोलीतून यांचा आवाज आला — "नक्को बोल दे उनको." दोन महिने हा माणूस दुकानाबद्दल चकार शब्द बोलला नाही, आणि बोलला तर हे! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "होईल भाऊ. अठराला न्यायला या."

ते खुश होऊन गेले. मी स्टुलावर बसून राहिले.

कारण मिलन अॅम्प्लिफायर म्हणजे दुसरं काही नाही, नाझनीनच्या, माझ्या लेकीच्या, अब्बांचा उजवा हात. सव्वीस वर्षं प्रत्येक बोर्ड हातानं. तांब्याच्या पत्र्यावर इंजेक्शनच्या सुईतून नेलपॉलिश सोडत रेघा काढायच्या, मग फेरिकच्या पाण्यात बुडवायचं. रेघेखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं. बुडवायचं काम माझं. भोकं पाडायचं काम माझं. माझ्या बोटांची टोकं बघा, लग्नात मेंदीनं झाकावी लागतात. रेघ मात्र मला कधी काढू दिली नाही. "तू नक्को, बिघडेगा." नांदेडच्या इतवाऱ्यापासून लोहा-कंधारपर्यंत मशिदीत अजान आमच्या मशीनवर, मंदिरात भजन आमच्या मशीनवर. आणि नोव्हेंबरात यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, जीभ सावरली, हात नाही. "हाथ गया, काम गया" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. ते अजून तसंच.

अनस — माझा दीर — माणूस वाईट नाही, पण घाई लई. "भाबी, शटर बंद ठेवून काय फायदा? मला द्या, मोबाइलच्या कव्हरचं टाकतो. रमजान लागायच्या आत सांगा." रमजान दोन मार्चला. आज मीच त्याला फोन करून सांगितलं — तोवर या दुकानातून एक मिलन बाहेर पडला तर शटर आमचं. नाही पडला तर तुझं.

७ जानेवारी, मंगळवार

नेलपॉलिश, सुई, पत्रा घेऊन बसले. तासभर. रेघ निघाली ती गोगलगाय चालून गेल्यासारखी. कुणी बघायच्या आत पुसून टाकली. भोकं पाडणारा हात वेगळा, रेघ काढणारा वेगळा — खरं आहे ते. आणि ते खरं आहे याचाच मला जास्त राग आला.

नाझनीनला लातूरला फोन केला, हॉस्टेलवर. पॉलिटेक्निकला आहे ना पोरगी, काही तरी कळत असेल. तर ती हसायलाच लागली! "अम्मी, आता कोण हातानं काढतं? सॉफ्टवेअर असतं त्याला. माझा जुना लॅपटॉप पेटीत आहे बघ."

काढला पेटीतून. चार्जिंगला लावलाय. मी दहावी पास, तेही लोह्याच्या शाळेची. बघू.

९ जानेवारी, गुरुवार

अनस पेनड्राइव्ह घेऊन आला. माझी अडचण त्याला कळली, मदत करायला आला — मनाचा चांगला आहे म्हणते ते असं. "भाबी, मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर. दोस्तानं दिलं. कुलूप तोडलेलं."

"चोरीचं?"

"सगळेच वापरतात!"

लावलं. लॅपटॉपवर लाल-पिवळ्या खिडक्या नाचायला लागल्या, बंदच होईनात. शेवटी बॅटरी उपसून काढली. ज्या मशीनवर अजान व्हायची आणि हरिपाठ व्हायचा, त्याचा बोर्ड चोरीच्या सॉफ्टवेअरवर काढू? तौबा! पेनड्राइव्ह त्याच्या खिशात परत कोंबला.

१० जानेवारी, शुक्रवार

नाझनीननं फोनवरून सांगत सांगत लॅपटॉप साफ करून घेतला. "उजवं बटन अम्मी. उजवं! तुझं उजवं!"

१२ जानेवारी, रविवार

आज दोन सॉफ्टवेअरं पाहिली. एक ऑनलाइनवालं. दिसायला नवरीसारखं! वीस पार्ट मांडले, मनासारखे. लाइट गेली. राउटर गेला. लाइट आली तेव्हा माझे वीस पार्टही गेले. आमच्या गल्लीत लाइटीच्या भरवशावर चहा ठेवत नाही कुणी, बोर्ड कुठून ठेवू?

दुसरं फुकट होतं, पण बोर्ड काडेपेटीएवढाच काढू देतं. मोठा पाहिजे तर पैसे टाका. आमचा बोर्ड लांबीला पुरती वीतभर. त्याला म्हटलं, मुडद्या, मग फुकट कशाला म्हणतोस स्वतःला?

आतून नाझनीनचे अब्बा — "क्या चलरा? व्हिडिओ गेम?"

लॅपटॉप धाडकन मिटला.

१३ जानेवारी, सोमवार

किकॅड! नाझनीनच्या सरांनी हे नाव सांगितलं. एकदा उतरवून घ्यायचं, मग नेट नको, खातं नको, पासवर्ड नको. बोर्ड केवढाही काढा. आणि फुकट. कायमचं फुकट!

मला संशयच आला. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण मी एवढी भोळी नाही. म्हटलं, यात त्यांचा फायदा काय? नाझनीन म्हणाली, जगभरातली माणसं मिळून बनवतात, ज्याला जे येतं ते तो देतो, कुणी एक मालक नाही. म्हटलं, सप्ताहाच्या पंगतीसारखं? कुणाची ज्वारी, कुणाची डाळ, कुणाचं सरपण? "हां अम्मी, तसंच."

मग ठीक आहे. पंगतीला बसायला मला लाज नाही. आपलंही काहीतरी देऊ पुढे.

१४ जानेवारी, मंगळवार

उतरवायला अख्खी दुपार. वरच्या मजल्यावरच्या केवळाबाई तिळगूळ घेऊन आल्या. "भाबी, सिनेमा बघायल्यात का?" म्हटलं, हाव, मीच हिरोइन.

१७ जानेवारी, शुक्रवार

तीन दिवस. तीन दिवसांत एक रजिस्टन्स आणि एक बल्ब जोडलाय! आधी नकाशा काढायचा — कोणता पार्ट कुणाला जोडलाय तो. मग प्रत्येक पार्टाचे पाय सांगायचे, किती लांब, किती जाड. मग सगळे पार्ट बोर्डावर येऊन पडतात, ढीगच, आणि त्यांच्यामध्ये बारीक पांढऱ्या रेषांचा गुंता. जटा झालेल्या पोरीचं डोकं विंचरायला घ्यावं तसं. एकेक रेष सोडवत तांब्याची रेघ ओढायची.

व्हिडिओवरचा माणूस इंग्रजीत भरभर बोलतो. त्याला थांबवते, मागे नेते, पुन्हा ऐकते. मग मोठ्यानं मराठीत म्हणते म्हणजे डोक्यात बसतं. मध्येमध्ये लॅपटॉपला शिव्या देते, त्यानं जास्त चांगलं बसतं.

पण बल्ब जोडला गेला! माझ्या रेघेनं! सरळ रेघ — गोगलगाय नाही!

२० जानेवारी, सोमवार

आता खरं काम. नाझनीनच्या अब्बांनी नकाशा म्हणून कधी कागदावर काढलाच नाही, सगळं डोक्यात. विचारायला गेले. "माइकच्या पुढं कोणता कंडेन्सर?" भिंतीकडे बघत राहिले. "छोड दे ना, खातून." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

सुटं सामान ठेवतो त्या खोक्यात एक जुना कोरा बोर्ड सापडला, यांच्या हातचा. तो खिडकीच्या काचेवर धरला, उन्हात आरपार दिसतं. मीटरचं एक टोक या भोकात, दुसरं त्या भोकात, बीप वाजली की जोडलेलं. गेल्या सालच्या कॅलेंडरच्या पाठीवर मांडत गेले. एकशे बेचाळीस भोकं. माझीच भोकं! कुठे ड्रिलची सुई तिरकी गेली होती तेसुद्धा ओळखलं.

२२ जानेवारी, बुधवार

कॅलेंडरची सात पानं भरली. नकाशा पूर्ण. मीच केला!

२६ जानेवारी, रविवार

नाझनीन आली दोन दिवस, लातूरच्या एसटीनं. झेंडावंदन करून थेट. बॅग टाकली नाही तर लॅपटॉप उघडून बसली. माझा नकाशा वर-खाली करून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "अम्मी, हे तू काढलं?" नाही, तुझ्या नानीनं.

मग गंमत झाली. सॉफ्टवेअर प्रत्येक पायाला विचारतं, भोक किती मिलिमीटर? पोरगी पुस्तक शोधायला लागली. म्हटलं, ठेव ते. रजिस्टन्सला शून्य पॉइंट आठ. मोठ्या कंडेन्सरला एक पॉइंट दोन. वायरीला दीड. पावर ट्रान्झिस्टरच्या स्क्रूला साडेतीन, चार पाडलं तर वॉशर घसरतो. धडाधड सांगत गेले, ती टाइप करत गेली. शेवटी थांबून म्हणाली, "आमच्या सरांना पण बघून सांगावं लागतं."

सव्वीस वर्षं मी नुसती भोकं पाडते म्हणत होते. नुसती!

२९ जानेवारी, बुधवार

अर्धा गुंता सुटला. आज तर यांच्यापेक्षा हुशारी केली. यांच्या बोर्डावर माइकच्या अर्थची रेघ बघा — अर्थ म्हणजे करंट परत जायची वाट — ती शेजारच्या अर्थला जोडायची सोडून पूर्ण बोर्डाला वळसा घालून पार मोठ्या कंडेन्सरच्या पायापर्यंत नेलेली! नांदेडहून लोह्याला जायला माहूरवरून जावं तसं. सॉफ्टवेअरला विचारलं तर ते म्हणतं, सगळे अर्थ एकच, कुठेही जोडा. जोडून टाकली शेजारी. वाचलेल्या जागेत सगळीकडे तांबं भरलं. काय देखणा दिसायला लागला बोर्ड!

१ फेब्रुवारी, शनिवार

शून्य चुका! शून्य!! तपासणीचं बटन दाबलं आणि शून्य आलं. दोनदा दाबलं, विश्वास बसेना म्हणून. दुकानातल्या दुकानात एक गिरकी घेतली. या वयात!

२ फेब्रुवारी, रविवार

चकचकीत कागदावर छापून आणला, इस्त्रीनं पत्र्यावर उतरवला. काळी शाई कशी सुंदर चिकटली! आणि मग वाचलं. मिलन हे नाव उलटं. अक्षरं उजवीकडून डावीकडे. व्हिडिओवाल्यानं आरशातलं छापा म्हटलं म्हणून तसं छापलं, पण किकॅडनं आधीच फिरवून ठेवलं होतं. उर्दू असतं तर खपवलं असतं. घासून काढला. उद्या सरळ छापून आणते.

३ फेब्रुवारी, सोमवार

छापला, इस्त्री, फेरिक, भोकं. हे तर माझं राज्य. संध्याकाळपर्यंत बोर्ड हातात. रेघा अशा की बघत राहावं.

५ फेब्रुवारी, बुधवार

पार्ट लावले, सोल्डरनं झाळले. डब्यात बसवला. सिरीज बल्ब लावून चालू केला — बल्ब चमकला आणि विझला, म्हणजे शॉर्ट नाही. माइकमध्ये फुंकर मारली. स्पीकरमधून वादळ आलं! माझं वादळ! "बिस्मिल्ला" म्हटलं, तर सगळ्या दुकानात माझा आवाज. डोळ्यांत पाणीच आलं.

मग गप्प झाले. आणि मशीन गप्प झालं नाही.

हूंऽऽऽ.

बारीक. पण होती. व्हॉल्यूम वाढवला तर तीही वाढली. शेषेरावभाऊ बाजारातल्या मशीनबद्दल जे म्हणाले होते तेच.

आतून आवाज आला — "मच्छर घुसा." बस एवढंच. शून्य चुका म्हणे!

६ फेब्रुवारी, गुरुवार

कंडेन्सर बदलले. ट्रान्सफॉर्मर फिरवून पाहिला. माइकची वायर जाळीची घातली. मच्छर तिथेच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अनस येऊन शटरचं माप घेऊन गेला. टेप लावून! मी काही बोलले नाही. मी बोलले नाही म्हणून तोच घाबरला आणि चहा न पिता गेला.

संध्याकाळी नाझनीनला फोनवर म्हटलं, बेटा, हरले. तर म्हणाली, "अब्बांना विचार." विचारणार नाही! ज्यांनी भिंतीशी संसार मांडलाय त्यांना काय विचारायचं? मग लई रडले. अकरा दिवस राहिले अठराला.

८ फेब्रुवारी, शनिवार

सापडला! सापडला मच्छर!

सकाळी मोरीत कपडे धुवून राहिले होते. वर केवळाबाईंनी बादली ओतली. आणि आमच्या मोरीतून गुळगुळ करत पाणी वर आलं. रोजच येतं. पाइप एकच ना, वरचा लोंढा आला की आमच्या घरचं पाणी आत जायचं सोडून बाहेर येतं. केवळाबाईंना आज पण ओरडणार होते. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

अर्थ म्हणजे मोरीच की! करंट परत जायची मोरी. स्पीकरचा लोंढा आणि माइकची इवलीशी धार मी एकाच बारीक पाइपात घातली. लोंढा आला की माइकच्या मोरीतून वर येतो, आणि माइकला जे येईल ते मशीन मोठं करून सोडणार. हूंऽऽऽ. म्हणून तर या माणसानं माइकची मोरी वेगळी, वळसा घालून थेट मोठ्या गटाराला नेली होती! आणि मी ती हुशारीनं सरळ केली. सॉफ्टवेअर खोटं बोललं नाही. सगळे अर्थ एकच हे खरं. पण सगळ्या मोऱ्या एकच हेही खरं, तरी पाणी वर येतंच ना?

साबणाच्या हातानं धावले. ब्लेडनं माइकची रेघ कापली, लांब सुटी वायर घेतली, थेट मोठ्या कंडेन्सरच्या पायाला झाळली. चालू केलं.

काही नाही.

काही म्हणजे काहीच नाही! व्हॉल्यूम फुल्ल केला. स्पीकरच्या कापडाला कान लावला. माझ्याच कानातलं रक्त ऐकू येत होतं, मशीन नाही.

आत गेले, कमरेवर हात ठेवून उभी राहिले. म्हटलं, "मच्छर मेला." भिंतीकडेच तोंड होतं. पण खांदा हलला. हसले का खोकले, सांगता येत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सुटी वायर लावून शेषेरावभाऊंना देणार नाही. मिलनमध्ये ठिगळ चालत नाही. बोर्डच नवा काढायचा. पण किकॅडला हे सांगायचं कसं? मी माइकचा अर्थ लांब न्यायला गेले की ते म्हणतं, अगं बाई इथे शेजारीच आहे की! आणि भरलेलं तांबं सगळं पुन्हा चिकटवून टाकतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जमलं! अर्थांना नावं वेगवेगळी द्यायची. एक माइकचा, एक स्पीकरचा, एक कंडेन्सरचा. नावं वेगळी म्हटल्यावर ते आपोआप लांब राहतात, सोयरीक तुटलेल्या घरांसारखे. आणि एकाच ठिकाणी, आपण सांगू तिथेच, एक खास जोड ठेवायचा. त्याला नेट-टाय म्हणतात. म्हणजे ज्यांनी हे सॉफ्टवेअर बनवलं त्यांच्याही मोरीतून कधीतरी पाणी वर आलं असणार! एकदम सगळे ओळखीचे वाटायला लागले.

नाझनीनला समजावून सांगितलं. मोरी, बादली, लोंढा. ती म्हणाली, "अम्मी थांब, लिहून घेते." माझी पोरगी माझं बोलणं लिहून घेते आहे!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज शब-ए-बरात. हलवा केला, वाटला, आणि मधल्या वेळात शेवटच्या सहा रेघा ओढल्या. तपासणीत पुन्हा शून्य. आता शून्य बघून गिरकी घेत नाही मी. कान लावल्याशिवाय काही खरं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुसरा बोर्ड तयार. झाळला. बसवला. कान लावला.

शांत! अल्हम्दुलिल्लाह. एकही सुटी वायर नाही. माझी रेघ, माझं भोक, माझा बोर्ड!

१६ फेब्रुवारी, रविवार

हे मरेपर्यंत विसरणार नाही. अनस आला, बरोबर रॅकवाला सुतार. म्हटलं, आधी हे ऐक. व्हॉल्यूम फुल्ल करून ठेवला होता मी, माइक हातात. त्यानं स्पीकरला कान लावला. ऐकतोय, ऐकतोय. मग म्हणाला, "भाबी, चालू तरी करा!"

मी माइक तोंडाजवळ नेला आणि हळूच म्हटलं, "अनस."

असा उडाला! दोन फूट! मागे सुतारावर जाऊन आदळला. गल्लीतली पोरं गोळा झाली. मग स्वतःच हसायला लागला, कान चोळत चोळत. सुताराला म्हणाला, "चल, इथे काही काम नाही." जाताना वळून — "भाबी, भाईजानचं मशीन असंच असायचं." म्हटलं, शटर? "तुमचंच. मी देगलूर नाक्याला जागा बघतो."

आणि मग आतून, या सगळ्या गोंधळात, नाझनीनच्या अब्बांचा आवाज. "गरम कितना होता?"

मी माइक तसाच हातात धरून दारात उभी. तीन महिन्यांत पहिल्यांदा या माणसानं कामाचा प्रश्न विचारला. म्हटलं, एक तास चालवून सांगते. "दो तास चला," म्हणाले. आणि पुन्हा भिंत.

दोन तास चालवला. हात ठेवता येतो एवढाच गरम. जाऊन सांगितलं. "हौ," म्हणाले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शेषेरावभाऊ आले. मी म्हटलं कान लावा. त्यांनी टोपी काढून लावला, नमाजाला वाकावं तसे वाकून. बराच वेळ तसेच. "भाबी, ह्याच्यात तर न्हाईच हो कायी!" मग पाठ थोपटायला हात उचलला, बाई माणूस म्हणून थांबले, आणि मशीनचीच पाठ थोपटली. विचारलं, "निजामभाऊंचा हात बरा झाला म्हणायचा?"

म्हटलं, "न्हाई. हा माझा हात हाय."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. फेरिकनं पिवळी पडलेली बोटं. "मग उद्या तुमीच या. तुमच्या हातानं चालू करा."

आज नाझनीननं एक बोर्ड छापणारी कंपनी शोधून दिली. फाइल पाठवली की पाच बोर्ड घरपोच, हिरवे, भोकंसुद्धा पाडून. फाइल तयार करून लॅपटॉपवर ठेवलीय. परवा पाठवते. मुखेडच्या मशिदीचा फोन आला होता, आणि एका बँजोवाल्याचा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पहिल्या एसटीनं लोह्याला, तिथून शेषेरावभाऊंच्या पोराच्या गाडीवर. केवळाबाईंना सांगून गेले होते, दुपारी यांना जेवायला वाढा.

मंडपात अडीच-तीनशे माणूस. मी बटन दाबलं. काही आवाज नाही आला, म्हणून मागची माणसं ओरडली, "लाइट गेली का?" शेषेरावभाऊ तिथूनच गरजले, "गेली न्हाई! ही मिलन हाय!" मग टाळ वाजला. एकच. शेवटच्या माणसापर्यंत कसा लखलखीत गेला! महाराजांनी नारळ दिला. बायकांनी मला ओढून पंगतीत बसवलं, दोघींनी तर बोर्ड म्हणजे काय ते विचारून घेतलं. आमटी-भाकरी अशी गोड लागली की काय सांगू.

घरी आले तेव्हा हे झोपलेले. नारळ उशाशी ठेवला. लई थकले, पण असं थकायला माझी कधी ना नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीला पाठवायला लॅपटॉप उघडला. माऊस डाव्या बाजूला! फाइल बघितली — काल दुपारी सव्वातीनला सेव्ह झालेली. तेव्हा मी मंडपात होते. स्पीकरची माझी रेघ उचलून ट्रान्सफॉर्मरपासून लांब नेलेली. वाकडीतिकडी, थरथरलेली. पण बरोबर! माझ्यापेक्षा बरोबर!

आत गेले. म्हटलं, कुणी हात लावला माझ्या बोर्डाला? न विचारता? भिंतीकडे तोंड नव्हतं. दाराकडे होतं, माझीच वाट बघत. डावा हात वर केला. "डेढ महीने से तुच तो चिल्ला-चिल्ला के सिखा रही."

फाइल आज पाठवली नाही. यांना अजून दोन ठिकाणं पटलेली नाहीत.